हिरवी फीत, पोपटी पावडर

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

आजपासून मी सेफ्टी कोऑर्डिनेटर! वरव्याच्या आमच्या कंपनीत नवा ब्लॉक उभा राहिलाय. दसऱ्यानंतर तिथे कॅन्सरच्या औषधाचा मूळ घटक बनणार. दिसायला साधी पांढरी पावडर, नाव मात्र मालगाडीएवढं. शेफाली मॅडम आमच्या सेफ्टी हेड. त्यांनी सकाळी सगळ्यांना सांगितलं की हे औषध वाढत्या पेशी मारतं, आणि त्या पेशी पेशंटच्या की पॅकिंगवाल्याच्या हे ते विचारत नाही. डोळ्याला न दिसणारी धूळसुद्धा नको. घरात कुणी गरोदर असेल त्यांनी तर दुप्पट जपा.

घरी माझ्या कुंदाला सातवा महिना लागलाय. तिची अट आहे: फॅक्टरीतलं काहीही घरात आलं तर मी मुकाट्याने डिस्पॅचला परत बदली मागायची. मी देवापुढे शब्द दिला. अशक्य गोष्टीवर शब्द द्यायला मला भीती वाटत नाही.

नवं ओळखपत्र हिरव्या फितीचं आहे. डिस्पॅचला निळी असते. जेवताना कुंदा म्हणाली की ते आता तरी गळ्यातून काढा. काढलं. हात धुऊन परत घातलं.

२४ सप्टेंबर, बुधवार.

ट्रेनिंग. पावडर बंद काचपेटीतच हाताळायची. हातमोज्यांचे दोन जोड घालायचे, वरचा जोड त्या पेटीच्या आतच काढायचा. सांडलेली पावडर झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. आत खाणंपिणं बंद. ब्लॉकमधून बाहेर पडताना डोक्यावरून अंघोळ. ब्लॉकचे कपडे कंपनीच्याच लॉन्ड्रीत टाकायचे. नियम एक नंबर आहेत. मी ते मोठ्या आवाजात पुन्हा वाचून दाखवले.

अंघोळीचं मला व्यक्तिशः लागू होत नाही. एक तर माझे केस एकदा बसले की दुसरं पाणी सोसत नाहीत. दुसरं म्हणजे मी पावडर हाताळणार नाही, हाताळणाऱ्यांना बघणार. बघून काही चिकटत नाही. लॉन्ड्रीचंही तसंच. तिथे कॉलरची घडी मोडते, म्हणून शर्ट घरीच आणतो. अजून खरा माल कुठे आलाय?

२६ सप्टेंबर, शुक्रवार.

धडाकेबाज दिवस! चेंजरूममध्ये ऑपरेटर हनुमंत दातांना मिश्री लावताना सापडला. तोंडात बोट! त्या ब्लॉकमध्ये! तो म्हणाला, सायेब, मिश्री लावल्याबिगर माजं डोकंच चालू व्हत न्हाई. मी म्हणालो की तुझ्या डोक्यापेक्षा तुझं बोट महत्त्वाचं आहे. वाक्य इतकं जमलं की तिथल्या तिथे पुन्हा म्हटलं. डबी जप्त केली.

रात्री शर्ट धुवायला घेताना कुंदाला खिशात डबी सापडली. हे काय फॅक्टरीतलं, असं तिने विचारलं. मी समजावलं की डबी फॅक्टरीची नाही, हनुमंतची आहे, तेव्हा अट मोडलेली नाही. तिने डबी दोन बोटांनी उचलून दाराबाहेर ठेवली. पटलं असावं.

२९ सप्टेंबर, सोमवार.

मॅडमनी नकली पावडर मागवली आहे. अगदी निरुपद्रवी. हुबेहूब मालासारखी दिसते, पण यूव्ही दिव्याखाली पोपटी चमकते. त्या पावडरवर सगळं काम करून दाखवायचं आणि मग दिवा फिरवून कुठे कुठे सांडली, कुणाला चिकटली ते बघायचं. चोर पकडायचं यंत्रच!

हे काम माझ्याकडे. बुधवारी खंडेनवमी आहे, सगळे मशीनपूजेला हजर असतात. म्हणून सकाळी ड्रिल, लगेच पूजा, मग दिवा, असं मी ठरवलं. मॅडम म्हणाल्या की ड्रिल आणि पूजा एका दिवशी नको. मी म्हणालो की माणसं नटूनथटून, गाफील असतात तेव्हाच त्यांची खरी सवय कळते. मॅडमनी माझं वाक्य वहीत लिहून घेतलं आणि हो म्हणाल्या. प्रभाव पडतोय.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. सकाळ.

केस उत्तम बसलेत. आज काही जणांची फजिती होणार आहे. दयाबुद्धीने वागायचं ठरवलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

सविस्तर लिहितो, कारण उद्या लोक वेगळं सांगतील.

ड्रिल छान झालं. पावडरची पिशवी मीच फोडून दिली. हनुमंत म्हणाला, सायेब, तुमी हातमोजं न्हाई घातलं. मी म्हणालो, मी खेळाडू नाही, पंच आहे. सगळ्यांनी काम केलं, मोजे काढले, अंघोळी केल्या. मग पूजा. काचपेटीला झेंडूची माळ घातली, बाहेरून. आतून घालायची नाही हा नियम माझाच. नारळ फोडला. मशीनला कुंकू लावलं. उत्साहाच्या भरात माणसांनाही लावलं. एकेकाच्या कपाळावर मी माझ्या अंगठ्याने टिळा लावला, हातावर पेढा ठेवला. मॅडमनाही.

मग दिवे घालवून यूव्ही दिवा लावला. हनुमंतचे हात स्वच्छ. पॅकिंगच्या सुलक्षणाताईंचे हात, बाह्या, केस, सगळं स्वच्छ. फक्त अंधारात सगळ्यांची कपाळं चमकत होती. प्रत्येक कुंकवाभोवती पोपटी अंगठा. मॅडमच्या कपाळावरचा जरा ठळकच होता.

सुलक्षणाताई इतक्या हसल्या की भिंतीला टेकल्या. हनुमंत म्हणाला, सायबांनी आमचं समद्यांचं लगीनच लावलं की. मग सगळ्यांना पेढ्याची आठवण झाली आणि एकदम चुळा भरायला गर्दी उसळली.

मी लगेच सावरून घेतलं. कपाळ हा शरीराचा दुर्लक्षित भाग आहे आणि तो उघडा पाडणं हाच ड्रिलचा हेतू होता, असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या की अंघोळ करून घरी जा. मी हात साबणाने घासले, दिव्याखाली धरले. लख्ख! मग डोकं कशाला भिजवायचं? कंपनीची बसही सुटत होती.

कापूरहोळ फाट्यापर्यंत मन थोडं खट्टू होतं. भोर येईपर्यंत छान वाटायला लागलं. मॅडमना विचारून दिवा घरी आणलाय. उद्या कुंदाला पुराव्यासकट दाखवणार की आपल्या घरात कण नाही. मिश्रीच्या डबीचाही विषय कायमचा मिटेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. दुपार.

देवापुढे शस्त्रपूजन केलं. कुंदाने कात्री, विळी, शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासायचा लाल पेन ठेवला. मी ओळखपत्र ठेवलं. माझं शस्त्र तेच. हळदकुंकू वाहिलं, फितीवर आपट्याची पानं ठेवली. मग तीच पानं घेऊन सोनं द्यायला शेजारी चिमाजीनानांकडे गेलो, पाया पडलो. श्रीखंड-पुरी जेवलो. कुंदा आडवी झाली होती. रोजच्यासारखा पोटावर हात ठेवून बसलो. बाळ फार हलत होतं. मी त्याला सांगितलं की तुझे बाबा हिरव्या फितीचे आहेत.

संध्याकाळी अंधार पडला की प्रात्यक्षिक.

२ ऑक्टोबर. प्रात्यक्षिकानंतर.

खिडक्या लावल्या. छोटंसं भाषण केलं. दिवा लावला.

दाराची कडी पोपटी. पाण्याच्या माठाचं झाकण पोपटी. मी म्हणालो की काही साबणांमुळेही कपडे चमकतात. कुंदा म्हणाली की साबण निळसर चमकतो आणि माठ आपण साबणाने धूत नाही. देव्हाऱ्यात तर रोषणाईच होती, आणि मधोमध माझी फीत, झगझगीत. कालपासून मी हात धुतोय आणि परत तिलाच हात लावतोय. शर्टाचा खिसा, चष्म्याची दांडी, कुंदाने विणलेलं इवलंसं टोपडं. टोपड्याला मी कधी हात लावला? लावला होता. रोज लावतो.

मी दिवा बंद करणार होतो. तिने माझ्या हातून घेतला आणि स्वतःकडे वळवला.

तिच्या पोटावर, साडीवर, माझा हात होता. पाचही बोटं. दुपारचा.

आधी ती हसली. खूप हसली, मीही हसायला लागलो. मग तिने हळूच विचारलं की सोमवारपासून खरी पावडर येणार ना. मी हो म्हणालो. त्यानंतर कुणीच हसलं नाही. मी स्टुलावर बसलो. चष्मा पुसला, तर बोटं पोपटी झाली.

तिने साडी बदलली. मी ओलं फडकं घेऊन सगळं घर टिपलं. झाडलं नाही. कुंदा म्हणाली की दिवा घेऊन नानांकडेही जाऊन या. गेलो. नानांच्या दोन्ही पायांवर माझी बोटं चमकत होती. नानांना मात्र फार आनंद झाला. म्हणाले, आरं, माज्या पायाला तेज हाय की! आत जाऊन त्यांनी सुनेलाही बोलावून आणलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

मॅडमना सगळं सांगितलं, पोटावरच्या हातासकट. डिस्पॅचला बदली द्या म्हणालो. शब्द दिला होता. मॅडम म्हणाल्या की बदली लगेच देते, पण घरापर्यंत दिवा नेऊन स्वतःला पकडणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलाय, तेव्हा निर्णय कुंदाताईंनी घ्यावा. फोन लावला. कुंदाने मॅडमशी बराच वेळ बोलून घेतलं. मला फक्त निकाल कळला: ब्लॉकमध्येच राहायचं, पण आधी शिकाऊ म्हणून, आणि घरी गेल्यावर रोज दिव्याखाली तपासणी. पास झाल्याशिवाय पोटाला हात लावायचा नाही.

हिरवी फीत मॅडमनी पिशवीत घालून सील केली. शिकाऊ लोकांच्या ओळखपत्राला फीत नसते, चिमटा असतो. हनुमंतला त्याची डबी परत दिली, गेटबाहेर. तो म्हणाला, सायेब, आता मला निस्तं हनुमंता म्हना, आपुन येकाच बॅचला हाय.

कंपनीतच डोक्यावरून अंघोळ केली. शर्ट लॉन्ड्रीत टाकला. केस अजिबात बसले नाहीत. बसमध्ये कुणी ओळखलं नाही.

घरी दारातच हात पुढे करून उभा राहिलो. कुंदाने दिवा फिरवला, हात, नखं, कानामागे, सगळीकडे. मग म्हणाली, ठेवा.

ठेवला. बाळाने हातावरच लाथ मारली.