एकाच थानाचे कपडे

ईदची संध्याकाळ, रायपूर

आमच्या मदत समितीच्या रफीकभाईंनी शब्द फिरवला. जकातीतून, म्हणजे वस्तीतल्या लोकांनी धर्माप्रमाणे काढलेल्या दानातून, विधवांना ईदचं कापड द्यायचं, पण प्रत्येकीने दुकानात जाऊन आपल्या आवडीचं निवडायचं, म्हणजे मदत कोणाला मिळाली ते ओळखू येणार नाही, असं समितीत ठरलं होतं. मीच तावातावाने बोलले होते. त्यांनी मान डोलावली होती.

आज भनपुरी वस्तीत गल्लीभर तोच हिरव्या छापाचा सूट. सगळं एकाच थानातलं, एकाच ताग्यातलं. अंगावर ते कापड असलेली बाई जकातीची, हे लहान पोरांनाही कळत होतं.

"ताई, ठोकमध्ये स्वस्त पडते. तेवढ्याच पैशात चार घरं जास्त झाली. काहून एवढं मनावर घेऊन राहिल्या?" रफीकभाई म्हणाले. चार घरं. हिशोब त्यांचा बरोबर आहे, म्हणून जास्त राग येतोय का?

त्याच गल्लीतली विधवा सलमा जुन्याच कपड्यांत घरी बसली होती. ती मदत घेतच नव्हती, मी गळ घातली म्हणून तयार झाली. हिरवा सूट घडी न मोडता पडलेला. शेवया वाढताना म्हणाली, "पूरी गली बैंड पार्टी लग रही है, दीदी. मैंने तो आपके कहने पे लिया था."

रफीकभाईंचा शब्द मी तिला माझा म्हणून दिला होता. तिच्या लेखी तो फिरवणारी मीच.