वाढलेलं पाणी

५ मार्च

चि. नकटीस अनेक आशीर्वाद.

तुझा खेळ पोचला. तुझ्या आईनं कॉम्प्युटर लावून माऊस माझ्या हातात दिला. मी सरळ ढकलते, तो तिरका पळतो. असू दे. अगं, हे तर आपलंच घर, लढाईच्या दिवसांतलं. खिडकीच्या काचेला चिकटपट्टीची फुली, आणि टेबलाशी पाय हलवत बसलेला तुझा मामा. कपाळावरची बटसुद्धा बरोब्बर. बाकीचे बातमीदार बातमी लिहितात, आमची नात बातमीचा खेळ करते, असं मी सगळ्यांना सांगत सुटलेय.

खाली अक्षरं येतात, मुलाला नळावर पाठवा. का म्हणून पाठवू? हंडे तर काठोकाठ भरलेत. एकदा गेला तो परत आला नाही, तेवढं पुरे. मी दार उघडतच नाही. रोज जेवण झालं की त्याच्यापुढं विणकाम घेऊन बसते. तो शीळ घालतो. परवा बाहीचं माप त्याच्याकडं बघून घेतलं, म्हण मला वेडी. तुझी आई म्हणते, हा खेळ असा खेळत नाहीत. मी म्हटलं, मी जिंकतेय ना, मग झालं.

जेवत जा वेळेवर. माया आहेच.

तुझी आजी

१२ मार्च

ती. आजीस शि. सा. न.

पत्र वाचून हसले, मग दिवसभर काम सुचेना. ज्यांनी खेळ तपासला ते सगळे विचारतात, घरात एवढं पाणी असताना या आईनं पोराला गोळीबारात का पाठवलं? एकानं तुला बेफिकीर म्हटलं. मी भांडले त्याच्याशी. पण संपादक म्हणतात, ही बातमी आहे, कारण कळत नसेल तर हे घर खेळातून काढा. तुझं रेकॉर्ड केलेलं बोलणं मी पुन्हा ऐकलं. तू स्पष्ट म्हणतेस, त्या दिवशी पाणी वाढलं होतं. म्हणून तर मी हंडे भरलेले काढले. मग मामा गेला कशाला? सांगवत नसेल तर राहू दे.

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.

तुझी नकटी

१९ मार्च

चि. नकटीस अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, घरातलं काही संपलं तर संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. बांगडी फुटली तरी वाढलीच म्हणतो ना आपण? पाणी वाढलं होतं म्हणजे घरात थेंब नव्हता गं. तुझी आई तेव्हा एवढीशी, तापानं फणफणलेली, पाणी पाणी करत होती. मामानं बादली उचलली. मी पायात चपला अडकवेपर्यंत तो जिना उतरलासुद्धा.

तेव्हा हंडे रिकामे कर. मला कुणी काही म्हणो, पण पोरगा उगाच गेला असं लोकांना वाटायला नको.

माझ्याकडच्या खेळाला मात्र हात लावू नकोस. खरं काय ते मला पाठ आहे. इथं तुला कळलं तसंच पाणी वाढलेलं राहू दे. दुसरी बाही अजून व्हायचीय.

आठवण ठेव, मीही ठेवते.

तुझी आजी