रामिरोच्या वाटचा घोट

३ जून, मंगळवार

सकाळी नऊ वाजता बियर प्यायले. पुन्हा! पन्नाशी गाठेपर्यंत मला तिचा वाससुद्धा सोसत नव्हता, आणि आता न्याहारीचा टॉर्टिया खाल्ला की पहिलं काम हेच. शेडमध्ये जायचं, टाकीचा नळ सोडायचा, चार बोटं बियर घ्यायची, घोट तोंडात फिरवायचा. नवरा समोर उभा. रामिरो माझ्या तोंडाकडे असा बघतो, जणू एक्स-रे बघतोय.

त्याचं लिव्हर. टूसॉनच्या डॉक्टरीणबाईंनी एप्रिलमध्ये सांगितलं, एक थेंब नाही. चाखून थुंकणंही बंद. पुन्हा सुरू केलीत तर वर्षभराचीसुद्धा खात्री देत नाही, म्हणाल्या. बावीस वर्षं बियर बनवणारा माणूस, आणि आपल्या हातची कशी झालीय ते बायकोला विचारतो.

४ जून

वही त्यानेच दिली. पुढून चवी लिहायच्या. मागून मी माझं लिहिते.

त्याला शब्द हवे असतात. लिंबासारखी का? वाळल्या गवतासारखी? मी म्हटलं, बियरसारखी. हसला. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

९ जून

आज मात्र शब्द सापडला. घोट घेतला आणि म्हटलं, हिला चायोच्या नखांचा वास येतोय. चायो माझी नणंद, गिऱ्हाइकांना ग्लास भरून देते, दर रविवारी नेलपॉलिशने नखं रंगवते. रामिरो खुर्चीत बसलाच. म्हणाला, बरोबर, परवा कूलर बंद पडला होता, टाकी तापली, यीस्ट बिघडलं.

चायो म्हणाली, "चौथीत शाळा सोडलेली बाई माझ्या भावाला नापास करते बघा!"

त्याने स्वतः नळ उघडला. दोन हजार लिटर. मागच्या कोरड्या ओढ्यात वाळूने दहा मिनिटांत पिऊन टाकली.

१२ जून

फीनिक्सच्या मोठ्या बियर कंपनीची माणसं आली होती. सगळं विकत हवंय — नाव, टाक्या, शेड. रामिरो म्हणाला, बघू.

मी त्याला घरी स्पष्ट सांगितलं. दिवसभर त्याच वासात उभा राहतोस, आणि पिऊ नको म्हणून सांगितलंय. किती दिवस निभेल? वीक. मोकळा हो.

"आणि करू काय ओफे? अंगणातल्या निवडुंगाला पाणी घालू?"

मग म्हणाला, पुढचीही टाकी बिघडली तर विकतो. तेव्हा समजेन, मी डोळे मिटून गाडी चालवतोय.

१३ जून

पुढचीही बिघडली तर. भांडी घासताना हेच, कपडे वाळत घालताना हेच.

२८ जून

मेस्कीटच्या, म्हणजे इथल्या रानातल्या काटेरी झाडाच्या, शेंगा घालून केलेल्या बियरची टाकी तयार झाली. शेंगा आम्हीच वेचल्या होत्या, मागच्या उन्हाळ्यात, काटे लागून हात सोलपटले होते. त्याने भाजल्या, दळल्या.

घोट घेतला. आधी भाजल्याचा वास, मग किंचित धूर, आणि गिळल्यावर मागून गुळासारखं काहीतरी हळूच येतं. मी दुसरा घोट घेतला. कधी घेत नाही. हा माणूस बावीस वर्षं या शेडमध्ये काय करत होता, ते मला आज कळलं. इतक्या उशिरा.

"बोल," तो म्हणाला.

"खराब आहे. तोच नखांचा वास."

"नक्की?"

"नक्की."

टोपी उचलली आणि बाहेर गेला.

एकतीस वर्षांच्या संसारात मी तोंडावर बोलले, भांडले, त्याच्या आईलासुद्धा सोडलं नाही. पण खोटं बोलले नव्हते. त्याची बियर चांगली होती. कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहिते. मला तो जिवंत हवाय, बस्स.

३० जून

फीनिक्सला फोन केला नाही. टाकीही ओतून दिली नाही. चायो म्हणते, आईला पुरलं तेव्हाही तो इतका गप्प नव्हता.

१ जुलै

शेडमध्ये गेले तर पिंपं भरणं चाललेलं. त्याच टाकीतून! सहा पिंपं ट्रकमध्ये चढलीसुद्धा. मी म्हटलं, अरे, खराब आहे म्हणाले ना मी?

मागे न बघता म्हणाला, "चांगली आहे, ओफे. आजवर केलेल्यांत सगळ्यांत चांगली."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पकडली गेले म्हणून इतकी लाज वाटली की तशीच घरी आले. माफी कशी मागायची, एवढंच दिवसभर डोक्यात.

२ जुलै

शेडमध्ये आम्ही तिघंच असतो. सकाळी चायोला विचारलं, तू चाखली होतीस का? म्हणाली, तुझ्या निकालानंतर मी कशाला तोंड लावू?

वही तर सदा माझ्याच पिशवीत असते. मग चांगली आहे, हे त्याला चाखल्याशिवाय कसं कळलं?