गोविंदाजोबांचं मृत्युपत्र

यवतमाळ,
१२ ऑक्टोबर २००६

प्रिय अभिषेक,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत, तुझी आई तर जरा जास्तच. तू दीपाशी लग्न केलंस तेव्हापासून मी तुझ्याशी बोललो नाही. आता बोलायला बसलोय, तर आधी आपली फजितीच सांगतो.

कापसाची दशा तुला ठाऊक आहेच. यंदा बाभुळगावचं शेत मक्त्यानंही कोणी घेईना, म्हणून विकायचं ठरवलं. सातबाऱ्यावर माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाचं, गोविंदाजोबांचं नाव अजून तसंच. तलाठी म्हणाला, ते वारल्याचा कागद आणा. पंचवीस साली झरी जामणीच्या रानात ऐन तारुण्यात त्यांना वाघानं नेलं, हे आपल्या घरी पोरासोरांनाही पाठ. दर पितृपक्षात आपण त्यांचं पान वाढतो. म्हणून पांढरकवड्याच्या कोर्टात जाऊन जुन्या वारसप्रकरणांची बाडं उपसत बसलो. तिसऱ्या दिवशी तिथल्या कारकून विमलताईंनी एक मृत्युपत्र माझ्यापुढे ठेवलं नि म्हणाल्या, "काका, हे बुवा तर एकसष्ट सालापर्यंत जित्ते होते. तुम्ही यायले काहून मारून राह्यले?" मी तिथेच हसत सुटलो. आपण छत्तीस वर्षं जित्या माणसाचं श्राद्ध घातलं, आणि वाघाला फुकट बदनाम केलं.

पुढे वाचलं आणि हसू थांबलं. बायकोचं नाव सुखीबाई, बंजारा तांड्यावरची. लिहिलं होतं, 'या लग्नापायी थोरल्या भावाने माझ्या नावाने आंघोळ केली, तरी माझा राग नाही. बाभुळगावचा माझा हिस्सा त्यालाच द्यावा. तिकडून कोणी आल्यास जेवल्याशिवाय जाऊ देऊ नये.' खाली पत्ता केळापूरचा होता. तसाच तिथे गेलो, त्यांच्या नातीच्या, इंदूबाईंच्या दारात. नाव सांगताच तिनं पाटावर बसवलं. तीन भाकरी नि ठेचा खाल्ला. आईला सांगू नकोस, तिनं माझं तिखट बंद केलंय.

तुला माहीत नाही, तुझ्या लग्नाच्या दिवशी मीही तुझ्या नावानं आंघोळ केली होती. फार लाज वाटते रे. गोविंदाजोबा गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. केळापूर एसटीनं दोन तासांवर, आणि त्यांचं म्हणणं आपल्या घरी पोचायला पंचेचाळीस वर्षं लागली. माझ्यात तेवढा धीर नाही. दिवाळीला दीपाला घेऊन ये. नाही जमलं तर कळव, मीच येतो.

वाट बघणारा तुझाच,
बाबा