कसरीने खाल्लेली खिडकी

४ तारीख, सोमवार

जुन्या खेळण्यांच्या खोक्यांविषयी एक कोडे तुमच्याही लक्षात आले असेल. झाकणावरच्या चित्रात रॉकेट ज्वाळा ओकत झेपावलेले असते, मागे कड्यांचा ग्रह असतो आणि गोल खिडकीतून अंतराळवीर हसत हात हलवत असतो. झाकण उघडावे, तर आत वीतभर पत्र्याचे रॉकेट, खाली तीन चाके आणि पोटाला किल्ली. खिडकी असते, पण ती रंगवलेली, आणि तिच्यात कोणीही नसते. मग चित्रातला तो माणूस गेला कुठे? बावीस वर्षे मी मुद्रणकला शिकवली आणि दर वर्षी पहिल्याच तासाला हा प्रश्न विचारला. उत्तरही मीच देत असे: चित्रकाराला खेळणे विकायचे नसते, खेळणाऱ्याचे स्वप्न विकायचे असते. वर्ग खूश होई.

पुढेमागे या रोजनिशीची नवशिक्यांसाठी पुस्तिका करावी असा मानस आहे, म्हणून तपशिलाने लिहिते. आज आम्ही नव्या कामावर आलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. मी खोक्यांची चित्रे सावरते, तो खेळणी. दोन मोडक्या यंत्रमानवांतून एक धडधाकट करावा, त्याला नवे रंग द्यावेत, डोळ्यांत दिवे बसवावेत, ही त्याची हौस. वय एक्केचाळीस, पण अंगावर मांस म्हणून नाही, त्यामुळे सगळे त्याला बारक्या म्हणतात. आई गेली तेव्हा तो सहाचा होता आणि मी सोळाची. त्याला वाढवणे हे माझे पहिले दुरुस्तीकाम, असे तो चारचौघांत सांगतो. त्यावर मी म्हणते, रंग अजून ओलाच आहे, हात लावू नका.

मालक निवृत्त वकील आहेत, खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. तिसऱ्या मजल्यावर बारा खोक्यांचा संग्रह आहे; काम संपेपर्यंत आमचा मुक्कामही तिथेच. काम करायची खोली उत्तरेकडची, म्हणजे दिवसभर सारखा, शांत उजेड. याहून अधिक काय हवे? वकीलसाहेब गळ्याला मफलर गुंडाळतात आणि डाव्या हातात सुती मोजा घालतात. उन्हाने त्वचेला त्रास होतो, असे म्हणाले. बारक्या जिन्यात कुजबुजला की ताई, हा माणूस स्वतःच खोक्यात ठेवल्यासारखा दिसतो. मी त्याला कोपर मारले.

५ तारीख, मंगळवार

पहिले तत्त्व समजावते. छापलेले चित्र भिंगाखाली धरा. गुलाबी गाल नाहीसा होतो आणि उरतात ठिपके: निळे, किरमिजी, पिवळे, काळे. चारच रंग. गुलाबी असा नसतोच, तो आपला डोळा लांबून कालवतो. म्हणून चित्राचा तुटका भाग भरताना मी रंगाचा पट्टा ओढत नाही, एका केसाच्या ब्रशाने ठिपके ठेवते.

दुसरे तत्त्व त्याहून मोठे आहे. आपण केलेली दुरुस्ती आपल्याला पुसता आली पाहिजे. त्यासाठी आधी वॉर्निशचा पातळ थर द्यावा आणि रंग त्यावर ठेवावा. उद्या चूक कळली तर वरचे तेवढे निघते आणि खालचे मूळ चित्र सुखरूप राहते. या नियमाशी मी कधीही तडजोड केली नाही.

बारक्याने आज एक यंत्रमानव चालता केला. तो टेबलावरून सरळ वकीलसाहेबांच्या पायाशी जाऊन थांबला. बारक्या म्हणाला, बघा, फी मागायला आला.

७ तारीख, गुरुवार

बारावे खोके उघडले. रॉकेट, ज्वाळा, ग्रह सगळे शाबूत. खिडकी मात्र कसरीने खाल्ली आहे. कागद खाणारी ही चंदेरी कीड सहसा कडेपासून कुरतडत येते. इथे कडेला दातही लागलेला नाही. बरोबर मध्यात, बोराएवढे भोक आहे. तेवढा एक चेहराच गेला आहे.

मी भोक मागून कागदाने भरले, पण माझे रंग जुळेनात. दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात फितूर होतो, हे या धंद्यातले जुने दुखणे. तेव्हा वकीलसाहेबांनी कपाटातून चार छोट्या बाटल्या आणून दिल्या. त्यांच्या पत्नी खोक्यांची चित्रे रंगवत असत, त्यांची ही शाई. त्या हयात नाहीत का, असे विचारल्यावर ते म्हणाले, गेली. एवढेच. मग बजावले की चेहरा जिवंत माणसाचा हवा आणि तो माणूस समोर बसलेला हवा. कोणाचाही चालेल, माझा तेवढा नको.

शाई अप्रतिम आहे. मात्र वॉर्निशवर ती थेंब थेंब होऊन घरंगळते, थेट कागदातच मुरते. म्हणजे मधला थर देता येणार नाही. विचार करते आहे.

९ तारीख, शनिवार

थर दिला नाही. बोराएवढ्या जागेसाठी बावीस वर्षांचा नियम मोडला, आणि का, तर रंग तंतोतंत जुळला म्हणून. हौसेला मोल नसते.

बारक्या समोर बसला होता. हस, असे सांगितले तर म्हणाला, अंतराळात हसायचे पैसे वेगळे. नाक खाजवू नकोस म्हटले तर मुद्दाम खाजवले. शेवटी मान थोडी डावीकडे, ओठ अर्धे उघडे, उजवा हात वर, असा तो क्षणभर स्थिर झाला आणि मला हवा तो चेहरा मिळाला. चार तास, अंदाजे नऊशे ठिपके. लांबून पाहिले आणि स्वतःवरच खूश झाले. बारक्या हुबेहूब खिडकीत. त्याने वाकून पाहिले आणि म्हणाला, ताई, आता मला घरी न्यायला दोन तिकिटे काढ.

११ तारीख, सोमवार

वकीलसाहेब आज शीळ वाजवत वर आले. मफलर नाही, मोजा नाही. डावा हात उजव्यासारखाच, तांबूस आणि टवटवीत. मी अभिनंदन केले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

बारक्याला बरे नाही. ताप नाही, खोकला नाही, पण ओठ निळसर झाले आहेत. उन्हात टांगलेल्या जाहिरातीचा लाल रंग आधी उडतो आणि निळा मागे राहतो, तसा तो दिसतो. डॉक्टरांनी तपासून अशक्तपणा ठरवला आणि गोळ्या दिल्या. बारक्या म्हणाला, एक हात वॉर्निशचा मारला की होईन बरा.

१२ तारीख, मंगळवार

सकाळच्या उजेडात झाकण भिंगाखाली घेतले. माझे ठिपके कुठेही नाहीत. नऊशेतला एकही नाही. तिथे त्वचा आहे. रंध्रे आहेत. हनुवटीवर खुंट आहेत, आणि शनिवारी बारक्या गुळगुळीत दाढी करून बसला होता.

माझी पद्धत अशी की निष्कर्ष काढण्याआधी उलट तपासणी करावी. तेच भिंग घेऊन बारक्याकडे गेले. तो खुर्चीत झोपला होता. भिंग त्याच्या गालाला लावले.

निळे. किरमिजी. पिवळे. काळे.

तीन वेळा पाहिले. उजव्या कानाशी किरमिजी रंग केसभर सरकलेला आहे, ओळ चुकलेल्या छपाईसारखा.

१४ तारीख, गुरुवार

वकीलसाहेबांना जिन्यात अडवले आणि भिंग त्यांच्यापुढे धरले. ते पायरीवर बसले आणि बोलू लागले, जणू जबानी द्यायची राहून गेली होती.

वीस वर्षांपूर्वी पत्नीने गंमत म्हणून त्या खिडकीत त्यांचा चेहरा काढला. ते असेच विटू लागले. तिने पुष्कळ उपाय केले आणि शेवटी आरशात पाहून खिडकीतल्या त्यांच्या चेहऱ्यावर स्वतःचा चेहरा रंगवला. ते सुटले आणि ती गेली. गेल्या वर्षी कसरीने तिला खाल्ले. खिडकी रिकामी राहिली की ती आधीच्याला परत बोलावते, म्हणून त्यांचा हात विटू लागला. म्हणून आम्हाला बोलावले.

मी म्हटले, तुम्ही स्वतः का बसला नाहीत? त्यांनी सांगितले की तिला सोडवायला दोन वेळा तिथे स्वतःला रंगवले आणि दोन्ही वेळा ओले असतानाच पुसले. धीर झाला नाही. मग माझे हात धरून म्हणाले, बाई, मी भित्रा माणूस आहे. जणू तो एक आजारच, आणि मी विचारपूस करायची.

मी त्यांना थप्पड मारली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला मारले.

१५ तारीख, शुक्रवार

काढून टाकायचे. एवढेच तर काम आहे माझे, लावलेले काढणे.

पाणी, स्पिरिट, थिनर. कापसाचे बोळे कोरे निघाले. काहीच सुटत नाही. मधला थर मी दिलाच नव्हता.

दुपारी पात्याच्या टोकाने खिडकीची कड किंचित खरवडली. पलीकडच्या खोलीत बारक्या किंचाळला. त्याच्या गालावर ओरखडा आहे. रक्त नाही. ओरखड्यातून पांढरे कागदी तंतू वर आले आहेत.

म्हणजे जाळणे नाही. कापणे नाही. पाते खिडकीबाहेर फेकले.

बारक्याला सगळे सांगितले. त्याने बोटाने तो ओरखडा चाचपला. मग म्हणाला, चेहरा तरी बरा काढलास का?

१६ तारीख, शनिवार

खिडकीत वकिलाला घालायचे ठरवले. लिहिताना लाज वाटत नाही. खाली गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, पहाटेच बॅग घेऊन गेले, भाऊंना जपा म्हणाले.

वर कामाच्या खोलीत भिंतीवर वकिलाचा फोटो होता. समोर ठेवला आणि ब्रश बुडवला. शाई कागदावर टेकेना. थेंब गोळा होतो आणि घरंगळतो. बारा वेळा. जिवंत माणूस समोर हवा, तो खरेच म्हणाला होता.

तासाभराने बारक्या माझ्यामागे येऊन उभा राहिला. मी न सांगता त्याने ओळखले. ताई, आरशाकडे बघायचंसुद्धा नाही, माझी शपथ आहे तुला, असे म्हणाला. आवाज पुठ्ठ्यावर नखे वाजवावीत तसा.

मी शपथ घेतली नाही. विषय बदलला.

१७ तारीख, रविवार

त्याला मान फिरवता येत नाही. डावीकडे थोडी, तशीच. ओठ अर्धे उघडे. उजवा हात खाली येत नाही.

बाजूने पाहिले. बाजूने तो—

पाठ करडी आहे. कच्च्या पुठ्ठ्याची.

सहा वर्षांचा होता तेव्हा रात्रभर माझा पदर धरून झोपायचा. आज मी त्याची बाही धरून बसले. बाही आणि हात वेगळे लागत नाहीत.

झाकणावर खिडकीच्या काचेवर वाफ धरली आहे. आतून. तो आता हसत नाही. तोंड उघडून एकच शब्द पुन्हा पुन्हा—दोन अक्षरी. मला वाचता येतो.

१८ तारीख, सोमवार, सकाळ

उजेड चांगला आहे. आरसा टेबलावर. खोलीला आतून कडी. तो बाहेर आहे, दारावर हात आपटतो आहे. आवाज पुठ्ठ्याचा. थप. थप.

बारक्या, हे तुझ्यासाठी. खोके कोरड्या जागी ठेव. दर महिन्याला कसर पाहा. खिडकी कधी रिकामी राहू देऊ नकोस, नाहीतर ती तुला बोलावेल. आणि माझ्यावर स्वतःला रंगवायचे नाहीस. शाई उरलीच तर मी खोलीतल्या मोरीत ओतणार आहे. तुझ्या तोंडचे शब्द परत करते: माझी शपथ आहे तुला.

दोनशे ठिपके झाले. शाई टेकते आहे. मुरते आहे.

चारशे. कपाळ झाले. त्याच्या डोळ्यांवर माझे डोळे काढायचे आहेत. त्याने मिटून घेतले.

थप. थप.

सहाशे. दारावरचा आवाज बदलला. थप नाही, ठक. ठक ठक. हाडांचा आवाज. बोटांच्या पेरांचा! शिव्या देतो आहे मला—असल्या शिव्या शिकला कुठे—आवाज भरदार—ताई, कडी काढ, ताई—

काढणार नाही. तीनशे राहिले.

हात जड नाही. हलका. फार हलका. बाटल्या मोरीत ओतल्या, शेवटच्या काही ठिपक्यांपुरती शाई बशीत ठेवली.

पुस्तिकेचे शेवटचे पान राहिले, ते लिहून टाकते. वाचणाऱ्याने करून पाहावी अशी सोपी चाचणी. साधे भिंग घ्या, दहा पट मोठे दाखवणारे. दिव्याखाली नको, खिडकीच्या उजेडात. जवळच्या माणसाच्या गालाला लावा. रंध्रे दिसली, लव दिसली, तर भिंग ठेवा आणि त्याला जेवायला वाढा. मग तेच भिंग स्वतःच्या मनगटावर धरा. मी आता धरले आहे. बोटे अजून बोटांसारखी, पण मनगटापासून वर निळे, आणि निळ्याशेजारी किरमिजी, आणि पिवळे अगदी फिके, आणि त्यांच्यामध्ये जी पांढरी जागा असते ती कागदा