पाहुण्यासाठी गार केलेली खोली

धनज, २० मार्च २०२५

चि. सौ. संस्कृतीस तुळसाआजीचा पोटभर आशीर्वाद. लिहिणारी तुही माय रूपाली अन् बोलणारी मी. म्हणून अक्षर सरळ अन् बोलणं वाकडं. फोनवर मले अर्धंच ऐकू येते, म्हणून पत्र.

तुह्या बाळंतपणाले मागची टिनाची खोली काढून ठेवली. ती वैशाखात भट्टीसारखी तापते म्हणून तुह्या सासूबाई तुले पाठवाले तयार नाहीत, असं कळलं. मग हे ऐक. कारंज्याची एक संस्था घरं तपासून राह्यली. घर किती तापते, वीज किती खाते, सारं पाहतात. ज्याईचं घर जास्त तापते त्याईच्या टिनाखाली ऊन अडवणारा थर बसवून देतात. चार एप्रिलले प्रज्वल नावाचा साहेब येणार आहे. मी तयारीले लागली.

आमचे म्हातारे नानाजी तुही आठवण काढतात, पण कबूल करत नाहीत. माया राहू दे.

तुही आजी

अकोला, २७ मार्च २०२५

ती. सौ. आजीस संस्कृतीचा शि. सा. न.

आजी, तुझ्या तयारीचीच मला धास्ती वाटते. काहीच करू नकोस. घर रोज जसं असतं तसंच दाखव. तो जुना कूलर वीज किती पितो, तेही लपवू नकोस.

सासूबाईंचं खोटं नाही. मागच्या वर्षी त्या खोलीत मला चक्कर आली होती. थर बसला तरच पाठवीन, असं त्या म्हणाल्या. इथं दिवसभर सगळे कामावर असतात. पहिलं लेकरू आहे, आजी. मला आईजवळ यायचं आहे.

नानाजींना नमस्कार. तुझी माया आहेच, ती वाढवत जा.

तुझी संस्कृती

धनज, १० एप्रिल २०२५

चि. सौ. संस्कृतीस अनेक आशीर्वाद. तुहं पत्र रूपालीनं दोनदा वाचून दाखवलं, मी दोनदा मान हलवली. पण माणूस भर उन्हातून येणार म्हटल्यावर हात बसतात कुठं? सकाळीच अंगणात सडा टाकला, खिडकीले ओले पोते बांधले, नानाजीले शिडीवर चढवून टिनावर बादल्या ओताले लावल्या. कूलर पहाटेपासून चालू.

प्रज्वलनं खोलीत गरमी मोजाचं यंत्र ठेवलं. एकतीस. ताक पिऊन म्हणाला, एवढं गार घर तालुक्यात पाह्यलं नाही. अन् कागदावर लिहून टाकलं, थराची गरज नाही. मी खुश! तुह्या मायनं कपाळाले हात लावला तवा मले उमगलं.

तो तीन घरं पुढे गेला होता. तशीच अनवाणी मागं धावली. पोते, बादल्या, कूलर, सारं कबूल केलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, न सांगता पुन्हा येईन.

सोमवारी अडीच वाजता आला. ना सडा, ना कूलर. नानाजीनं सवयीनं बादली उचलली, मी डोळे वटारले. प्रज्वल बिचारा अर्धा तास खोलीत बसला, सदरा अंगाले चिकटला. त्यानं पाणी मागितलं. मी म्हटलं, आधी आकडा लिही. जल्मात असं कोणाले बोलली नवती, बाई. त्रेचाळीस लिहिलं, तवा तांब्या त्याच्या हाती देला.

अठरा तारखेले थर बसते. पंचवीसले तू ये. सासूबाईले संगं आण. दुपारी त्याच खोलीत निजवू अन् मगच त्याईले विचारू, सुनेले इथं ठेवता का. लोभ आहे तसाच राहू दे.

तुही आजी