दोन फुल्यांचं पदक

मास्तर, घड्याळात दहा वाजले की माझ्या मनात आधी फुली येते, मग दहा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझं वय आता तुमच्या शेवटच्या वयापेक्षा जास्त आहे, तरी तुम्हाला लिहिताना हात सारखा थांबतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकत असतील. चौथीतून शाळा सुटलेल्या माणसाचं लिहिणं आहे असं समजून घ्या. मनवेलपाड्याच्या चाळीत मी एकटाच राहतो. बायको गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. बाहेर पडताना कुलूप लागलं की नाही हे बघायला मी कोपऱ्यावरून तीनतीनदा परत येतो. शेजारीण म्हणते, "काका, आत काय सोनं पुरलंय का?" आत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे आणि त्यात रशियाच्या फौजेची पदकं.

ती माझ्याकडे कशी आली ते सांगतो. वसई पूर्वेला एका भंगाराच्या गोदामात मी पितळ निवडायचं काम करत होतो. रशियाचे तुकडे झाले, त्याच्या दोन-चार वर्षांनंतरची गोष्ट. परदेशी भंगाराचं एक पोतं उपसताना नळाच्या तोट्या आणि बिजागऱ्यांमध्ये तीन पदकं निघाली, लाल फितीसकट. तिन्हींवर चांदणी. एकावर एक फुली. दुसऱ्यावर एक फुली आणि शेजारी बरोबरची खूण, तुम्ही पाटीवर करायचात तशी. तिसऱ्यावर दोन फुल्या. फितीवर पिवळ्या पट्ट्या होत्या, एका फुलीच्या पदकाला तीन, फुली आणि खुणेवाल्याला दोन, दोन फुल्यावाल्याला एकच. मी माझ्या अकलेने हिशेब लावला. हवालदाराच्या बाहीवर तीन पट्ट्या असतात, म्हणजे तीनवाला मोठा. त्याची एकच चूक झाली असणार. दुसऱ्याने चूक करून सुधारली. तिसऱ्याच्या दोन चुका, म्हणून पट्टी एकच. आमच्या गोदामात नको असलेल्या मालावर खडूने फुलीच मारतात. शिवाय ते दोन फुल्यांचं पांढरट होतं, चोख पितळ दिसत नव्हतं. दोन पदकं मी मुकादमाला विचारून ठेवून घेतली. तिसरं भट्टीच्या ढिगात टाकलं. टाकताना त्याचा आवाज आला तो आठवतो, बारीक, एखादं नाणं पडल्यासारखा.

पुढे त्या दोन पदकांनी मला झोप येऊ दिली नाही. मागच्या बाजूला गोल अक्षरं, वाचता येत नव्हती. मी ती वहीत जशीच्या तशी उतरवली. जो भेटेल त्याला वही दाखवायचो. वसईच्या बाजारात एका कॉलेजच्या प्राध्यापकाला भर रस्त्यात थांबवलं, तो घाबरून निघून गेला. शेवटी माणिकपूरला एक रेडिओ दुरुस्त करणारा भेटला. माझ्याच वयाचा, आधी बोटीवर वायरलेसचं काम करायचा, रशियाच्या बंदरांत जाऊन आलेला. पदक त्याने चष्मा वर करून पाहिलं.

"कुठनं आणलंस? लढाईला गेलतास काय, म्हाताऱ्या?"

"ह्या फुल्या कशाच्या ते सांगा फक्त."

"फुल्या?" तो इतका हसला की शेजारचा दुकानदार डोकावला. "अरे येड्या, हे रोमन आकडे. आमच्या चर्चच्या घड्याळात दहा वाजता काटा कुठे असतो? हे दहा. हे पंधरा. नोकरीची वर्षं हाय ती. वीसचं पण असतं, ते सगळ्यात मोठं. पांढरं, पट्टी एकच. हाय का तुझ्याकडे?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे कधी आलंच नाही."

मग त्याने एक फाटका रशियन शब्दकोश काढला आणि मागची अक्षरं बोट ठेवून लावली. म्हणाला, "बघ, ह्याचा अर्थ, ज्याला कोणी बोल लावला नाय अशी नोकरी. म्हणजे आपल्यातला कोणच नाय!" तो पुन्हा हसला. मला मात्र तुम्ही आठवलात, मास्तर, आणि मी तिथल्या स्टुलावर बसून राहिलो.

अजून डोळ्यांसमोर येतं, शाळेच्या भिंतीवर ते घड्याळ आहे, पांढऱ्या तबकडीचं, असल्याच रोमन आकड्यांचं. घंटा द्यायची आहे. तुम्ही मला विचारता, "किती वाजले रे?" मी ताठ उभा राहून सांगतो, "फुली वाजली." सगळा वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. "फुली नव्हे, दहा," एवढंच म्हणता आणि घंटेचा हातोडा माझ्या हातात देता. पण त्या दिवसापासून पोरं मला फुली म्हणू लागली. मला शाळेत जायचं नव्हतं, म्हणून घरी सांगितलं की मास्तरांनी मारलं.

बाबा शेतातून तसेच चिखलाच्या पायांनी शाळेत आले. "मास्तर, माज्या पोराला हात कोनी लावला? तुमाला शिकवायला ठेवलाय का मारायला?" मी त्यांच्या मागे उभा होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एका शब्दाने मला खोटं पाडता आलं असतं. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून पाठवा त्याला. मी काही बोलणार नाही." मी आलो नाही. गावात मात्र तुमचं नाव 'मारका मास्तर' पडलं. रडणाऱ्या पोरांना बाया तुमचं भय घालायच्या. कधी कुणाच्या अंगाला बोट न लावलेला माणूस तुम्ही. बाबा गेले तेही खरं न कळताच.

रेडिओवाल्याने अर्थ सांगितल्यानंतर मी बरीच पदकं जमवली. जुन्या बाजारांत फिरलो. दहाची मिळतात, पंधराची मिळतात. वीसचं एकदाही हाती आलं नाही. कोणा माणसाची वीस वर्षं होती ती, आणि मी त्याच्या दोन चुका मोजल्या. रेडिओवाला अजून विचारतो, "विसाचं मिळालं काय रे?" मी नाही म्हणतो. त्याला खरं सांगायचं धाडस झालेलं नाही. डब्यात विसाच्या पदकाची जागा रिकामी ठेवली आहे. हा कागद घडी करून तिथे ठेवीन.

एक राहिलं. तुमच्या निरोपाच्या दिवशी शाळेच्या अंगणात मी मागच्या रांगेत होतो. शाल-नारळ घ्यायला तुम्ही उठलात तेव्हा कोणीतरी हळूच म्हणालं, "उठला मारका मास्तर." आसपासची माणसं हसली. मास्तर, मीही हसलो.